जड डिझेल इंजिनासाठी ऑइलची निवड

ट्रक, डंपर, एक्स्कॅव्हेटर किंवा जनरेटरसाठी ऑइल घेताना बहुतेकांची नजर आधी ‘१५डब्ल्यू-४०’ या ग्रेडकडे, म्हणजे ऑइल किती घट्ट किंवा पातळ आहे हे सांगणाऱ्या आकड्यांकडे जाते. वास्तविक सुरुवात उत्पादकाच्या मॅन्युअलपासून करावी आणि त्यात सांगितलेले कार्यक्षमतेचे मानक डब्यावर आहे का, हे आधी तपासावे. एकाच ग्रेडची दोन ऑइले मानकाच्या दृष्टीने अगदी वेगळी असू शकतात.

एपीआय, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट या संस्थेच्या मानकांपैकी २०१६च्या अखेरीस आलेले सीके-४ हे सीजे-४ आणि सीआय-४ या जुन्या मानकांच्या जागी वापरता येते. त्याच वेळी आलेले एफए-४ मात्र इंधनबचतीसाठी मुद्दाम पातळ ठेवलेले असल्याने, इंजिन उत्पादकाने स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय ते भरू नये. ज्या इंजिनाच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ आहे, तिथे कमी राखेचे ऑइलच हवे. ऑइलमधील धातुयुक्त रसायनांची राख फिल्टरमध्ये साचते आणि काजळीसारखी जळून जात नाही. म्हणूनच सीजे-४ आणि सीके-४ मध्ये सल्फेटेड राखेचे प्रमाण कमाल १ टक्का ठेवलेले आहे. याउलट, फिल्टर नसलेल्या जुन्या इंजिनात जास्त गंधकाचे डिझेल वापरावे लागत असेल, तर ज्वलनातून तयार होणारे आम्ल निष्प्रभ करण्यासाठी जास्त टीबीएन (ऑइलची आम्ल निष्प्रभ करण्याची क्षमता दाखवणारा आकडा) असलेले ऑइल पाहावे आणि बदलण्याची मुदतही कमी करावी.

ग्रेड ठरते ती हवामानावरून. ‘डब्ल्यू’च्या आधीचा अंक जितका लहान, तितके ऑइल थंडीत लवकर वाहते आणि इंजिन सुरू होताच बेअरिंगपर्यंत पोहोचते, नंतरचा अंक १०० अंश सेल्सिअसला ते किती घट्ट राहते हे दाखवतो. इंजिन जुने झाले की जाड ऑइल भरावे, हा सल्ला सर्रास दिला जातो, पण ऑइल का कमी होते हे न शोधता तसे केल्यास मूळ दोष झाकला जातो, एवढेच. तसेच, ऑइल लवकर काळे पडते म्हणून ते वाईट ठरत नाही, कारण काजळी तरंगत ठेवणे हे त्याचे कामच आहे.

यंत्रसामग्रीत बराच वेळ इंजिन जागेवरच चालू राहते, त्यामुळे तिथे ऑइल बदलण्याचा हिशेब किलोमीटरवर न ठेवता तासांवर ठेवावा, आणि मुदत वाढवायची असल्यास आधी वापरलेल्या ऑइलची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी.