रिपोर्टमध्ये ग्रॅन्युलोमा आलाय? या चुका टाळा

रिपोर्टवर 'ग्रॅन्युलोमा' दिसलं की घरात सगळ्यांची तोंडं उतरतात, टीबीच झाला म्हणून. पहिली चूक हीच. जे मारता येत नाही त्याला मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या शरीराच्या संरक्षक पेशी, घेरून कोंडून ठेवतात, ती गाठ म्हणजे ग्रॅन्युलोमा. मायक्रोस्कोपखाली त्या पेशींचं न्यूक्लियस चपलेच्या तळव्यासारखं लांबट दिसतं, मधेच एखादी भलीमोठी जायंट सेल, म्हणजे अशा अनेक पेशी मिळून झालेली एक. टीबीत मधला भाग बऱ्याचदा मरून पनीरासारखा भुसभुशीत होतो, सारकॉइडोसिसमध्ये, म्हणजे जंतू न सापडता अशाच गाठी होणाऱ्या आजारात, सहसा होत नाही. पण सगळी गोम त्या 'सहसा'त आहे, म्हणून टीबीचा जंतू शोधणाऱ्या तपासण्या, झेडएन स्टेन (रंग देऊन मायक्रोस्कोपखाली), जीनएक्सपर्ट (जंतूच्या डीएनएवरून), कल्चर (जंतू वाढवून), करून घ्याच. सारकॉइडला सहा महिने टीबीच्या गोळ्या किंवा टीबी असताना नुसतीच स्टिरॉइड, दोन्हीत पेशंटचंच नुकसान.

दुसरी चूक, आधी भेटलेल्या जंतूची आठवण फक्त टी आणि बी या पांढऱ्या पेशींना असते असं धरून चालणं. 2011 मध्ये संशोधक मिहाई नेतेआ आणि सहकाऱ्यांनी ट्रेन्ड इम्युनिटी (शिकलेली प्रतिकारशक्ती) हे नाव मांडलं, म्हणजे मॅक्रोफेज आणि ज्यांच्यापासून ते बनतात त्या रक्तातल्या मोनोसाइट पेशीसुद्धा आधीचा धक्का लक्षात ठेवतात. आता मोनोसाइट रक्तात जेमतेम काही दिवस जगतो, मग टीबीच्या बीसीजी लशीचा असर महिनोन्महिने कसा राहतो? तर 2018 मध्ये उंदरांत दिसलं की बीसीजी बोनमॅरोतल्या मूळ पेशींनाच वळण लावते, तिथून येणारी नवी पेशी शिकूनच येते. डीएनए तोच, खुणा बदलतात त्या तो ज्या हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो त्यांच्यावर.

आणि आठवण आहे म्हणजे चांगलीच, ही तर सगळ्यात मोठी गफलत. 2020 मध्ये उंदरांतच दिसलं की खरा टीबीचा जंतू मॅरोत पोचला की उलटं होतं, त्या मूळ पेशींतून टीबीशी लढायला कमजोर मॅक्रोफेज तयार होतात. शिवाय शिकलेल्या पेशीत एमटॉर नावाचं, पेशीची वाढ चालवणारं स्विच चालू असतं, आणि 2017 मध्ये उंदरांच्या मॅक्रोफेजमध्ये तेच सतत चालू ठेवल्यावर कुठलाही जंतू नसताना ग्रॅन्युलोमा झाले. म्हणून सारकॉइडोसिसमागे जास्तच शिकलेल्या पेशी असाव्यात अशी शंका आहे, पण ती अजून शंकाच, कोणी ठाम सांगत असेल तर मानू नका. आणि कृपा करून इम्युनिटी बूस्टरच्या पुड्या यासाठी घेऊ नका, इथे इम्युनिटी कमी पडतेय असं धरूनच चालता येत नाही.

सेकंड ओपिनियनला जाताना नुसता कागद नेऊ नका, बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या, आणि दगडखाणीत वगैरे सिलिकाच्या धुळीत काम केलं असेल तर डॉक्टरांनी विचारायच्या आधीच सांगा.