रोझ बोल मुंबईतून बघायचा तर

रोझ बोल, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिनात होणारा अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा सामना, १ जानेवारीला असतो, पण मुंबईत गजर लावायचा तो २ तारखेच्या पहाटेचा. पॅसाडिनात दुपारी दोनला सुरू होणारा सामना आपल्याकडे साडेतीनला लागायचा. २०२६ मध्ये तो तासभर अलीकडे आणला, म्हणजे आपले अडीच. त्यामुळे वेळ दरवर्षी तपासा. १ जानेवारीला रविवार आला तर तिथे सामना एक दिवस पुढे जातो, २०२३ मध्ये तसा गेला होता. कुठल्या ॲपवर दिसणार तेही डिसेंबरातच बघून ठेवा.

घरच्यांना सोबत घ्यायचं असेल तर आदल्या रात्री, म्हणजे १ तारखेला, साडेनऊला, जेवणं उरकली की पॅसाडिनातलीच रोझ परेड लावा. १८९० पासूनची ही मिरवणूक. चित्ररथाचा दिसणारा प्रत्येक भाग फुलं, पानं, बिया, साली अशा नैसर्गिक वस्तूंनीच झाकावा लागतो. माझ्या आईची उभी हयात दादरच्या फूल बाजारात गेली. फुटबॉलशी तिला देणंघेणं नाही, पण परेड ती हलू देत नाही.

नियमांचं फार दडपण घेऊ नका. अकरा विरुद्ध अकरा, १०० यार्डांचं मैदान. चार प्रयत्नांत, म्हणजे चार डाऊनमध्ये, १० यार्ड पुढे गेलात तर पुन्हा नवे चार. चेंडू समोरच्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला की टचडाऊन, त्याचे ६ गुण. त्यानंतरच्या किकचा १, खांबांमधून किक मारून केलेल्या फील्ड गोलचे ३. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार डाव, पण घड्याळ सारखं थांबतं, तेव्हा साडेतीन तास तरी धरून चाला.

खरं शिकायचं ते पुढेच. मी परळ-नायगावकडे कबड्डीत पंच म्हणून उभा राहतो. नव्या पंचाला पहिलं सांगतो, चढाई करणाऱ्याच्या हातांवर जाऊ नकोस, पाय बघ. इथेही चेंडूमागे डोळे पळवू नका. मधला सेंटर, त्याच्या दोन्ही अंगांना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल, हे पाच धिप्पाड गडी धरून ठेवा. चेंडू मागे गेल्यावर ते मागे सरकत उभे राहिले तर बहुधा पास येणार. समोरच्याच्या छातीत घुसले तर चेंडू घेऊन पळण्याची चाल. पहिला डाव फक्त या पाचांवर काढा, समालोचन बंद केलं तरी चालेल. दुसऱ्या डावापासून क्वार्टरबॅककडे, म्हणजे सेंटरकडून चेंडू घेऊन चाल चालवणाऱ्या गड्याकडे बघा. तो का घाबरला, का थांबला, हे तेव्हा आपोआप कळायला लागतं.

२०२४ चा सामना यासाठी मुद्दाम शोधून बघा. माझी लेक मिशिगन विद्यापीठात शिकलेली, म्हणून माझा जीव तिकडे, हे लपवत नाही. अलाबामाविरुद्ध २०-२० अशी बरोबरी झाली आणि सामना जादा वेळेत गेला. तिथे प्रत्येक संघाला समोरच्याच्या २५ यार्डांवरून एक संधी मिळते. मिशिगनने आधी टचडाऊन केला. मग अलाबामाचा चौथा डाऊन, तीन यार्ड हवे. सेंटरने मागे दिलेला चेंडू खाली गेला, क्वार्टरबॅक जेलन मिलरो मधूनच घुसला आणि मिशिगनच्या भिंतीने त्याला तिथेच अडवलं. २७-२०. ते तीन यार्ड चार-पाच वेळा मागे नेऊन बघा, दर वेळी वेगळ्या गड्यावर नजर ठेवून.

मिशिगनचं नातं जुनंही आहे. १९०२ च्या पहिल्याच सामन्यात त्यांनी स्टॅनफर्डला ४९-० असं हरवलं, तेही स्टॅनफर्डने वेळ संपण्याआधीच हार मानली म्हणून. पुढचा सामना थेट १९१६ ला झाला.

चाळीत राहत असाल तर हेडफोन लावा, भिंती पातळ असतात. आणि पहाटे उठणं जमणारच नसेल तर रात्री झोपण्याआधी व्हॉट्सॲपचे ग्रुप म्यूट करा, सकाळी लोकलमध्येही फोन खिशातच ठेवा आणि घरी आल्यावर पहिल्या किकपासून अख्खा सामना बघा. नुसत्या ठळक क्षणांच्या व्हिडिओत ते पाच जण दिसत नाहीत.