व्याख्यानासाठी पाणवनस्पती गोळा करताना

पहिल्या व्याख्यानाला मी पिशवीभर हिरवा लगदा घेऊन गेले होते. तळ्यात असताना ती सेराटोफायलमची डौलदार फांदी होती! बुडून वाढणाऱ्या वनस्पतींच्या खोडात कणखरपणा नसतोच, त्यांना पाणीच उभं धरतं. तेव्हापासून झाकणाचे डबे नेते आणि त्यात त्याच तळ्याचं पाणी भरते.

साचलेलं, उथळ, ऊन पडणारं पाणी गाठा. उतरायची घाई नको, आधी वारा कुठे वाहतोय ते बघा. तरंगणाऱ्या वनस्पती त्या काठाला जमा होतात; लांब दांड्याच्या गाळणीने तिथून उचलता येतात. जलपर्णीच्या दाट थरावर मात्र कधीही पाय देऊ नका, खाली किती पाणी आहे ते कळत नाही. सोबत कुणीतरी हवंच.

काठावरच्या हिरव्या टिकल्यांना सगळे ‘शेवाळ’ म्हणतात. एक टिकली उलटी करा. एकच मूळ लोंबतंय? लेम्ना. मुळांचा झुबका? स्पायरोडेला. मूळच नाही आणि आकार वाळूच्या कणाएवढा? मग ती वुल्फिया, जगातली सर्वांत लहान सपुष्प वनस्पती, जेमतेम 1 मिलिमीटरची. बोटावर घेऊन श्रोत्यांत फिरवली की पुढची पाच मिनिटं माझं कुणी ऐकत नाही.

माझी खरी लाडकी युट्रिक्युलारिया, शिकार करणारी पाणवनस्पती. पाण्यावर डोकावणारी पिवळी फुलं दिसली की खाली हात घाला. धाग्यांसारख्या पानांवर बारीक पिशव्या असतात. पिशवीच्या तोंडाशी असलेल्या केसांना पाणपिसू, म्हणजे पाण्यातला एक इवलासा जीव, लागली, की झडप आत उघडते आणि पाण्याबरोबर तीही ओढली जाते. हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास! साध्या डोळ्यांना ते पकडता येत नाही. भिंगाखाली आत अडकलेली शिकार दाखवा.

पाण्यात बुडून वाढणारी हायड्रिला सहज सापडते. कापलेलं टोक वर ठेवून पाण्यात बुडवा, दिवा लावा. टोकातून बुडबुडे निघतात. प्रकाशसंश्लेषणावर याहून जास्त बोलायला लागत नाही.

मूठभरच घ्या, परवानगी विचारून. जी वनस्पती तळ्यात एक-दोनच दिसते तिचा फोटो काढा, तिला हात लावू नका. उरलेली हायड्रिला दुसऱ्या तळ्यात किंवा नाल्यात टाकू नका, एका पेरापासूनही ती फुटते. मी ती कागदावर पसरून कडक वाळवते, डबेही उन्हात ठेवते.