कोची कशी फिरायची: वार बघून, होडीनं आणि पायी

केरळच्या पॅकेज टूरमध्ये कोचीला बहुतेक वेळा अर्धा दिवस मिळतो. गाडीवाला चिनी जाळी, एक चर्च, सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आणि राजवाडा अशा चार ठिकाणी उतरवतो, लोक फोटो काढतात आणि संध्याकाळी गाडी मुन्नारच्या घाटाला लागते. मला हे खरंच वाईट वाटतं, कारण अरबी, ज्यू, पोर्तुगीज, डच, गुजराती, कोकणी, तमिळ इतके लोक एकाच बंदरात येऊन राहिलेत आणि त्यांच्या गल्ल्या अजून जित्या आहेत, असं शहर आपल्या किनाऱ्यावर फारसं नाही. दोन पूर्ण दिवस द्या, तीन दिलेत तर फारच छान. ते कसे घालवायचे ते सांगतो.

आधी वार बघा, मग तिकीट काढा

हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि लोक नेमकं हेच बघत नाहीत. कोचीच्या मट्टांचेरी भागातलं ‘परदेशी’ नावाचं सिनेगॉग शुक्रवारी आणि शनिवारी बंद असतं, ज्यू सणांनाही बंद. मट्टांचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद. शहराजवळच्या त्रिपुनितुराचा हिल पॅलेस सोमवारी बंद. म्हणजे शुक्रवारी रात्री निघून शनिवार-रविवार फिरू असा आपला नेहमीचा हिशेब केला तर शनिवारी सिनेगॉगच्या दारातून परत यावं लागतं. त्यापेक्षा रविवार ते गुरुवारमधले दिवस धरा, आणि त्यातही सोमवार मट्टांचेरीला द्या, हिल पॅलेस दुसऱ्या दिवशी.

सीझन म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चपासून दमट उकाडा वाढत जातो, मुंबईकरांना सवय असेल पण पुणे-नाशिकवाल्यांना जड जातं. जून-जुलैचा पाऊस बघायला सुंदर असतो, फक्त पायी फिरणं होत नाही. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात फोर्ट कोचीत कार्निव्हल असतो, ३१ तारखेला रात्री पप्पाञ्ञी नावाचा मोठा पुतळा जाळतात आणि त्या रात्री गर्दी इतकी असते की लहान मुलं किंवा म्हातारी माणसं बरोबर असतील तर तेवढी तारीख टाळाच. एक वर्षाआड (कधी त्याहून उशिरा) डिसेंबर ते मार्चच्या दरम्यान कोची बिएनाले भरतं, २०१२ साली सुरू झालेलं हे मोठं कलाप्रदर्शन जुन्या गोदामांत आणि अ‍ॅस्पिनवॉल हाऊससारख्या वास्तूंत मांडतात. कलेची आवड नसली तरी ती गोदामं आतून बघायला मिळतात म्हणून जा.

पोचायचं कसं, राहायचं कुठे

मुंबई-पुण्याहून विमानं आहेत. विमानतळ नेडुंबाश्शेरीला, शहरापासून लांब, फोर्ट कोचीपर्यंत सहज दीड तास धरून चाला. पण वेळ असेल तर मी कोकण रेल्वेच सांगीन, लोकमान्य टिळक टर्मिनसवरून नेत्रावती आहे, कल्याण-पनवेलहून मंगला एक्स्प्रेस मिळते, साधारण एक दिवस-रात्रीचा प्रवास. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं ते तेवढं तपासून घ्या.

राहायला एर्नाकुलम आणि फोर्ट कोची असे दोन पर्याय. एर्नाकुलम म्हणजे मुख्य भूमीवरचं शहर, स्टेशन, मॉल, ऑफिसं, ट्रॅफिक. फोर्ट कोची खाडीच्या पलीकडे, जुने वाडे, मोठी झाडं, घरगुती होमस्टे. फोर्ट कोचीतच राहा. सकाळी सहाला बाहेर पडून समुद्रावर जाता येणं ही चैन एर्नाकुलमच्या हॉटेलात मिळत नाही.

गाडी नको, होडी घ्या

कोची हे पाण्यातलं शहर आहे हे गाडीत बसून कळतच नाही. १३४१ साली पेरियार नदीला मोठा पूर आला, त्यात उत्तरेकडचं मुझिरिस हे प्राचीन बंदर गाळानं भरलं आणि इथलं खाडीचं तोंड मोकळं झालं असं मानतात, म्हणजे शहराचा जन्मच पाण्यानं घडवलेला. मधलं विलिंग्डन बेट तर रॉबर्ट ब्रिस्टो नावाच्या इंजिनिअरनं बंदर खोल करताना निघालेल्या गाळाचा भराव टाकून तयार केलं.

तर एर्नाकुलमहून फोर्ट कोचीला जाताना पुलावरून टॅक्सी करू नका. दोन होड्या आहेत. एक सरकारी फेरीबोट, एर्नाकुलमच्या मेन बोट जेट्टीवरून सुटते, भाडं अगदी किरकोळ, शाळेची पोरं, मासळीवाल्या बायका, ऑफिसला जाणारे सगळे त्यातच. दुसरी वॉटर मेट्रो, एप्रिल २०२३ ला सुरू झालेली देशातली पहिली, एसी, मोठ्या काचा, बॅटरीवर चालते त्यामुळे आवाज नाही, हायकोर्ट टर्मिनलवरून फोर्ट कोचीला जाते. माझं म्हणणं, जाताना एक घ्या, येताना दुसरी. गर्दीच्या दिवशी दुपारनंतर वॉटर मेट्रोला रांग लागते, सकाळी जा. फोर्ट कोचीहून समोरच्या वायपीन बेटावर रो-रो जाते, माणसं आणि गाड्या एकत्र, पाचेक मिनिटांचा प्रवास, त्याच्या डेकवरून चिनी जाळी पाण्याच्या बाजूनं दिसतात आणि तो अँगल किनाऱ्यावरून मिळत नाही.

पहिला दिवस, फोर्ट कोची

सकाळी लवकर जाळ्यांपाशी जा. या जाळ्यांना तिथे चीनवला म्हणतात, मोठाले लाकडी खांब, एका टोकाला जाळं आणि दुसऱ्या टोकाला दोरांना बांधलेले दगड, त्या दगडांच्या वजनावर तोल सांभाळून चार-सहा माणसं ते पाण्यात सोडतात नि वर ओढतात. चिनी व्यापाऱ्यांनी आणली म्हणतात, पोर्तुगीजांनी मकाऊहून आणली असंही एक मत आहे. कोळी तुम्हाला वर बोलावतील, दोर ओढायला लावतील, मग थोडे पैसे मागतील. ते त्यांचं पोट आहे, आता मासळीवर भागत नाही, म्हणून वर जायचं असेल तर पैसे द्यायच्या तयारीनं जा नाहीतर खालूनच बघा. बाजूला ताजी मासळी मिळते आणि शेजारच्या टपऱ्या ती शिजवून देतात, फक्त मासळीचा भाव आणि शिजवायचा भाव वेगवेगळा असतो, दोन्ही आधी ठरवून घ्या.

तिथून सगळं पायी. सेंट फ्रान्सिस चर्च बघा, १५०३ चं मूळ लाकडी, पुढे दगडात बांधलेलं. वास्को द गामा १५२४ च्या डिसेंबरात कोचीतच वारला आणि इथेच त्याला पुरलं होतं, नंतर १५३९ ला अवशेष पोर्तुगालला नेले, पण त्याच्या थडग्याचा दगड अजून आत आहे. वर बघायला विसरू नका, दोरीनं ओढायचे लांब कापडी पंखे अजून टांगलेले आहेत, बाहेर बसून माणूस ते ओढायचा. हे चर्च आधी पोर्तुगीज कॅथलिकांचं, मग डचांचं, मग इंग्रजांचं असं हातोहात गेलं, त्या एका इमारतीत कोचीच्या सगळ्या राजवटी बसतात. सांताक्रूझ बॅसिलिका जवळच आहे, सध्याची इमारत १९०५ ची, रंगवलेलं छत सुंदर आहे. डच दफनभूमी बाहेरूनच बघायची, बहुतेक वेळा कुलूप असतं.

दुपारी ऊन टाळून आराम करा. मग वेळी नावाच्या भागातल्या धोबीखान्याकडे एक चक्कर मारा, डच सैनिकांचे कपडे धुवायला तमिळ भागातून आणलेल्या धोबी समाजाची पुढची पिढी अजून तिथे काम करते, तांदळाच्या पेजेची खळ आणि जड इस्त्र्या. ते कामाचं ठिकाण आहे, आधी विचारा, मग फोटो काढा.

संध्याकाळ कथकलीची. शो साधारण सहाला असला तरी पाचलाच जाऊन बसा, कारण रंगमंचावरच चेहरा रंगवतात आणि मला ते खेळाइतकंच महत्त्वाचं वाटतं. हिरवा चेहरा म्हणजे राम, कृष्ण, नल अशी सात्त्विक पात्रं, हनुवटीभोवतीची पांढरी चुट्टी तांदळाच्या पिठीनं आणि कागदानं बसवतात, त्याला खूप वेळ लागतो. डोळे लाल करायला एका झाडाचं बारीक बी पापणीखाली ठेवतात. कथा रामायण-महाभारतातली असते, आपल्याला ओळखीची, त्यामुळे भाषा येत नसली तरी अडत नाही. मुलांना घेऊन जा, फक्त चेंडा नावाच्या ढोलाचा आवाज मोठा असतो म्हणून अगदी पुढे बसवू नका.

दुसरा दिवस, मट्टांचेरी

इथे घाई करू नका, पूर्ण दिवस इथलाच. फोर्ट कोचीतून रिक्षा न करता कलवत्ती रोडनं बाजार रोडकडे चालत जा, दोनेक किलोमीटर आहे. दोन्ही बाजूंना जुनी गोदामं, आत मिरी, सुंठ, जायपत्री, वेलची, तांदळाची पोती, हातगाड्या, हमाल. वासावरूनच कळतं कुठल्या गोदामात काय आहे.

राजवाडा १५५५ च्या सुमारास पोर्तुगीजांनी बांधून कोचीच्या राजाला दिला, डचांनी १६६३ नंतर दुरुस्त केला म्हणून सगळे त्याला डच पॅलेस म्हणतात. बाहेरून साधा वाटतो, आत शयनगृहाच्या भिंतींवर अख्खं रामायण रंगवलेलं आहे. आत फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे फोन खिशात ठेवून नीट बघणं होतं. लोक दहा मिनिटांत बाहेर पडतात, तुम्ही तासभर द्या.

सिनेगॉग १५६८ चं. सकाळी १० ते १ आणि दुपारी ३ ते ५ उघडं असतं, चपला बाहेर काढायच्या, गुडघे-खांदे झाकलेले कपडे घाला. जमिनीवर चीनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या हातानं रंगवलेल्या फरश्या आहेत, वर बेल्जियमची झुंबरं, बाहेर १७६० चं घड्याळ. इस्रायल झाल्यावर इथले बहुतेक ज्यू निघून गेले, गल्लीचं नाव तेवढं ज्यू टाऊन राहिलं. आपल्याकडे अलिबाग-पेणच्या बाजूचे बेने इस्रायली, ज्यांना गावात शनिवार तेली म्हणायचे, त्यांना धर्माचे विधी पुन्हा शिकवणारा दाऊद राहबी कोचीचा होता असं परंपरा सांगते. म्हणून मराठी माणसानं सिनेगॉगमधल्या बाकावर जरा वेळ बसावंच असं मला मनापासून वाटतं.

इथवर सगळे येतात. पुढचं मात्र चुकवू नका. सिनेगॉगवरून रिक्षा करून चेरलाईला जा, तिथे कोकणी लोकांचं तिरुमल देवस्थान आहे. पोर्तुगीजांच्या जाचामुळे १६व्या शतकात गोव्यातून निघालेली सारस्वत कुटुंबं इथे येऊन वसली आणि आजही घरात कोकणी बोलतात. तुम्ही सावकाश मराठी बोललात तर म्हाताऱ्या माणसांशी गप्पा होतात, आणि इतक्या लांब आपल्या कानाला ओळखीचे शब्द ऐकू आले की बरं वाटतं. केरळच्या बऱ्याच देवळांत पुरुषांना शर्ट काढून आणि मुंडू नेसून जावं लागतं, एक साधं पांढरं धोतर बॅगेत असू द्या. तिथून जवळच गुजराती रोड, शतकांपासून आलेले कच्छी-गुजराती व्यापारी, त्यांचं जैन मंदिर, दुपारी बाराच्या सुमारास कबुतरांना दाणे घालतात ते बघायला शेजारपाजारचेही जमतात. वेळ साधायची तर हे आधी आणि सिनेगॉग तीननंतर असं करा.

खायचं काय

हॉटेलात गुलाबी गरम पाणी दिलं तर घाबरू नका, पतिमुगम नावाच्या लाकडाचा रंग असतो तो, निवांत प्या. सकाळी अप्पम-स्ट्यू नाहीतर पुट्टू-कडला, म्हणजे तांदळाचं उकडलेलं पुट्टू आणि काळ्या हरभऱ्याची उसळ. मासे खाणाऱ्यांनी करीमीन पोळ्ळिच्चतु खा, केळीच्या पानात भाजलेला. लाल कालवणात कुडमपुळी असते, आपल्या कोकमाच्याच कुळातली, त्यामुळे कोकणातल्या जिभेला लगेच पटतं. खोबरेल तेल सगळीकडे, ते चालत नसेल तर आधीच सांगा. शाकाहारींनी दुपारी केळीच्या पानावरचं जेवण घ्यावं, अडचण येत नाही. मट्टांचेरीत बिर्याणीवर सुलैमानी, म्हणजे लिंबू पिळलेला बिनदुधाचा चहा, जरूर प्या.

तिसरा दिवस मिळाला तर

समुद्रात पाय घालायचे असतील तर फोर्ट कोचीचा किनारा त्यासाठी नाही, तिथे नुसतं चालायचं. रो-रोनं वायपीनला जा आणि तिथून बसनं चेराई बीच, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला बॅकवॉटर. जीवरक्षक उभे असतील तिथेच पाण्यात उतरा.

हाऊसबोटीचा खर्च नको असेल तर कुंबळंगी किंवा कडमक्कुडीला छोट्या होडीनं फिरा. कडमक्कुडीला पोक्काळी भाताची शेतं आहेत, पावसाळ्यात खारं पाणी सोसणारं भात आणि ते कापलं की त्याच शेतात कोळंबी. रायगडच्या खारेपाटातल्या माणसाला हे बघून फार आनंद होईल. इतिहासाची आवड असेल तर मेट्रोनं त्रिपुनितुरा गाठा, हिल पॅलेस तिथून जवळ आहे, १८६५ चा, कोचीच्या राजांचा.

मसाले मट्टांचेरीतून घ्या पण ज्यू टाऊनच्या सजवलेल्या दुकानांतून नाही, बाजार रोडच्या घाऊक दुकानांतून किलोच्या भावानं घ्या, मिरी दाताखाली फोडून बघा. रिक्षावाला एखाद्या ‘गव्हर्नमेंट एम्पोरियम’ला नेऊ म्हणाला तर सरळ नको म्हणा, त्याला तिथे कमिशन असतं.

परतीच्या तिकिटावर स्टेशनचं नाव नीट वाचा. एर्नाकुलम जंक्शन म्हणजे साउथ आणि एर्नाकुलम टाऊन म्हणजे नॉर्थ, दोन्ही वेगळी स्टेशनं आहेत. फोर्ट कोचीहून निघत असाल तर होडी आणि पुढची रिक्षा धरून दीड तास हाताशी ठेवा.