किडनीच्या पेशंटचे कान कसे सांभाळायचे

किडनीचा त्रास असलेल्या माणसाला कमी ऐकू यायला लागलं की घरचे म्हणतात वय झालं आता, टीव्हीचा आवाज वाढवतात आणि विषय तिथेच संपतो. पण असं करू नका. ऑस्ट्रेलियात ब्लू माउंटन्स भागात पन्नाशीपुढच्या लोकांची तपासणी झाली होती, 2010 मध्ये आकडे आले, किडनीचं काम मध्यम कमी झालेल्यांत साधारण 54 टक्के लोकांना कमी ऐकू येत होतं, बाकीच्यांत 28 टक्क्यांच्या आसपास. वयाचा फरक हिशोबात धरूनही किडनी आणि ऐकण्याचा संबंध उरलाच.

आतल्या कानात सोडियम-पोटॅशियम इकडून तिकडे ढकलणाऱ्या पेशी असतात, किडनीतही तसलंच काम चालतं, म्हणून काही औषधं दोन्हीकडे नुकसान करतात.

आधी लक्षणं ओळखा. पेशंट म्हणतो आवाज येतो पण काय बोलले ते कळत नाही, कारण बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात. डायलिसिसच्या खुर्चीत हे नीट दिसतं, मशीनचे बीप चालू, सिस्टरच्या तोंडाला मास्क, ती विचारते "काका, वजन किती वाढलं?" आणि काका नुसती मान हलवतात. सगळ्यांना वाटतं कळलं. मग पाणी किती प्यायचं, गोळी कधी बंद करायची तेही असंच अर्धवट पोचतं, म्हणून असं सगळं कागदावर लिहून मागा. आणि चेहरा दिसेल अशा बाजूला बसून बोला.

मग ईएनटीकडे, म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. मळ आहे का ते आधी बघतील, मग ऑडिओमेट्री, म्हणजे आवाज ऐकू आला की बटण दाबायची ऐकण्याची तपासणी. शक्यतो डायलिसिस नसेल त्या दिवशी करा, पेशंट थकलेला असला तर बटण नीट दाबत नाही. तपासणीचा ग्राफ क्रिएटिनिनच्या (किडनीच्या रक्ततपासणीच्या) रिपोर्टच्याच फाईलमध्ये ठेवा, पुढच्या वेळी ताडून बघता येतो. अजून त्रास नसला तरी एकदा करून ठेवाच.

सगळ्यात महत्त्वाचं औषधांचं. जेंटामायसिन, अमिकासिन ही इन्फेक्शनवरची इंजेक्शनं किडनी कमजोर असली की अंगात जास्त वेळ राहतात आणि कानाच्या पेशी कायमच्या मारू शकतात. शिरेतून भराभर दिलेलं लॅसिक्स हे लघवी वाढवणारं औषधही कानाला त्रास देतं. मनाने काहीही बंद करू नका, पण ताप-इन्फेक्शनला कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर इंजेक्शनच्या आधी सांगा, किडनीचा पेशंट आहे, ऐकायलाही कमी येतं. कान वाजायला लागले किंवा तोल जायला लागला तर त्याच दिवशी कळवा.

एका कानाने अचानक ऐकू येणं बंद झालं तर उद्यावर ढकलू नका. मळ असेल म्हणून तेल घालत बसण्यात दिवस जातात आणि उपचार जितका लवकर तितकी ऐकू परत यायची शक्यता जास्त.

घरात तरुण मुलगा असेल, लघवीतून रक्त जातंय आणि ऐकूही कमी येतंय, तर नेफ्रॉलॉजिस्टला (किडनीच्या डॉक्टरला) अल्पोर्ट सिंड्रोमबद्दल स्पष्ट विचारा, हा किडनी आणि कान दोन्हींवर परिणाम करणारा आनुवंशिक आजार असतो, भावंडांचीही तपासणी करावी लागते.

कानाचं मशीन घ्यायला लाजू नका. खर्चाची अडचण असेल तर मुंबईत बांद्र्याला अली यावर जंग या ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींवरच्या राष्ट्रीय संस्थेत चौकशी करा, केंद्राच्या एडिप या दिव्यांगांना साधनं देणाऱ्या योजनेतून पात्र लोकांना मशीन मिळतं.