हतनूरच्या बॅकवॉटरला पक्षी बघायला जाताय? मग हे वाचून जा

थंडी पडली की भुसावळ-जळगावकडचं कोणीतरी हमखास विचारतं, भाऊ आम्ही तापीवरच्या हतनूर धरणावर गेलो होतो पण लांब पाण्यावर नुसते काळे ठिपके दिसले, दहा मिनिटं थांबलो आणि परत आलो. आता त्या ठिपक्यांतच सगळी मजा आहे, फक्त ते बघायची एक पद्धत आहे.

आधी वेळ. पावसाळ्यात जाऊ नका, धरणाचे ४१ दरवाजे कधी उघडतील सांगता येत नाही आणि गढूळ पाण्यात बघण्यासारखंही फार नसतं. पाहुणे बदकं ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून उतरायला लागतात, खरी गर्दी डिसेंबर ते फेब्रुवारी, मार्चमध्ये उन्हं तापली की निघाले. सकाळी जाणार असाल तर चांगदेवच्या बाजूला जा, म्हणजे तापी-पूर्णेच्या संगमाकडे, कारण धरण तिथून पश्चिमेला आहे आणि सूर्य आपल्या पाठीमागून येतो. समोरून ऊन आलं की लाल बदक काय नि काळं काय, सगळं एकाच रंगाचं दिसतं. बहुतेक लोक इथंच चुकतात.

दुर्बीण ८ x ४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि ४२ मिमी काचेची घ्या, दहापटवाली हातात हलते आणि नवीन माणूस वैतागतो. कपडे मातकट रंगाचे, लाल-पांढरे नकोत.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, एक जागा पकडा आणि बसा. काठाकाठाने चालत राहिलं की आपण दिसतो आणि थवा तेवढाच आत सरकतो, मग आपण पुढे, तो अजून आत. मी पण पहिली दोन वर्षं हेच केलं. बाभळीच्या आडोशाला अर्धा तास गप्प बसलं की आपोआप ते जवळ येतात, आधी वंचक, म्हणजे मातकट रंगाचा छोटा बगळा येतो, मग शेकाट्या त्याच्या गुलाबी काटकुळ्या पायांनी चिखल तुडवत येतो, आणि मग मागून बदकं.

ओळखायची कशी? रंगाच्या मागे लागू नका, आधी बघा तो खातो कसा. शेपटी वर आणि डोकं पाण्यात, असं उलटं होणारी बदकं हा एक प्रकार, पूर्ण बुडी मारून दुसरीकडेच निघणारी हा दुसरा. तलवार बदक पहिल्यातलं, शेंडी बदक दुसऱ्यातलं. थापट्याची चोच फावड्यासारखी चपटी असते, तो ती पाण्यावर टेकवून गाळत गाळत गोल फिरतो, एकदा बघितला की विसरत नाही. हळदी-कुंकू बदक तर आपल्या बायकांना लगेच सापडतं, काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि कपाळाजवळ चोचीच्या मुळाशी लाल ठिपके, नावच तसं पडलंय. चक्रवाक बहुतेक जोडीने असतो, भगवा-तांबूस. काळं अंग आणि कपाळावर पांढरा टिळा दिसला तर तो वारकरी, मुक्ताईच्या गावाजवळ हा पक्षी बघताना मला दरवेळी बरं वाटतं.

एकदा असाच एक वारकरी काठाजवळ टाकून दिलेल्या नायलॉनच्या जाळ्यात अडकलेला सापडला. रुमाल टाकून धरला आणि नेलकटरने एकेक दोरा तोडला तेव्हा पाय नीट बघायला मिळाले, बदकासारखा सलग पडदा नाही, प्रत्येक बोटाला हिरवट करड्या चपट्या पाकळ्या, म्हणून तो पोहतोही आणि चिखलावर चालतोही. सोडला तसा पाण्यावरून धावतच सुटला. तेव्हापासून छोटी कात्री पिशवीत असतेच, तुम्हीही ठेवा, आणि तुटकं जाळं दिसलं तर गोळा करून आणा.

पट्टकादंब बघायचा असेल तर नजर फक्त पाण्यावर ठेवू नका. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंस हिमालय ओलांडून येतो, दिवसा पाण्यात किंवा बेटावर आराम करतो आणि रात्री-पहाटे पिकात चरतो. पाणी उतरलं की गाळपेराच्या जमिनीत हरभरा असतो, तिथं पहाटे बघा, पण बांधावरूनच, शेत त्या शेतकऱ्याचं आहे, त्याला विचारल्याशिवाय आत पाय टाकू नका. विचारलं तर तो आणि मच्छीमार दादा, दोघं मिळून जे सांगतील ते कोणत्याही ॲपमध्ये मिळणार नाही.

साप दिसला तर बहुतेक विरोळा असतो, बिनविषारी, पण हात लावू नका, चावतो तो. दगडावर कासवं ऊन खात असतात, घार वरून फिरली की धपाधप पाण्यात.

होडीने जाणार असाल तर थव्याच्या मधून नेऊ नका आणि फोटोसाठी उडवू तर अजिबात नका, खाऊन साठवलेल्या चरबीवरच त्यांना परत हजारो किलोमीटर जायचंय. आणि एप्रिल-मेमध्ये पाण्यातून उघड्या पडलेल्या बेटांवर उतरू नका. टिटवी आणि नदी सुरय तिथं उघड्या जमिनीवर अंडी घालतात, खड्यांच्याच रंगाची, पायाखाली आली तरी कळत नाही. आपल्याकडच्या ४५ डिग्रीच्या उन्हात टिटवी पोटाची पिसं भिजवून आणते आणि अंड्यांवर बसून त्यांना गार ठेवते. आपण तिथं फोटो काढत पंधरा मिनिटं उभे राहिलो तर ती तेवढा वेळ वरच ओरडत फिरते आणि खाली अंडी भाजतात.