दिव्यांग पुनर्वसन सेवांचा अभ्यास करताय? मग या चुका टाळा

दरवर्षी एमएसडब्ल्यूची (समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गाची) आणि फिजिओथेरपीची मुलं सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, घेऊन येतात, विषय साधारण एकच, सरकारी पुनर्वसन सेवांचा लाभार्थ्यांना झालेला फायदा, आणि चुकाही दरवर्षी त्याच. सांगून सांगून थकले, म्हणून एकदाचं लिहून काढतेय.

सगळ्यात मोठी चूक, वाटप म्हणजेच फायदा असं धरून चालणं. शिबिरात किती तीनचाकी सायकली, किती कुबड्या, किती श्रवणयंत्रं दिली याचा तक्ता ऑफिसात आयता मिळतो, तो टाइप केला की एक चॅप्टर तयार. अरे पण तो वाटपाचा हिशेब झाला, माणसाचं पुढे काय झालं ते त्यात कुठंय?

हे मी स्वतः केलंय. एडिप योजनेतून, म्हणजे दिव्यांगांना सहायक साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या योजनेतून, साधनं मिळालेल्या लोकांचा फॉलोअप फोनवर घेतला होता, "सायकल वापरता का?" या प्रश्नाला जवळपास सगळे हो म्हणाले आणि मी टिक करत गेले. गाइडनी हट्ट धरला म्हणून काही घरी गेले. पहिलंच घर टेकाडावर, वर जायला नुसती दगडांची पायवाट. सायकल खाली रस्त्याकडेला भावाच्या गोठ्यात, सीटवर कडब्याच्या पेंढ्या. म्हटलं दादा, फोनवर तर वापरतो म्हणालात. तर म्हणे, वापरतो की ताई, बायको त्यावरून वैरण आणते, रेशनचं पोतं आणते. तो काही खोटं बोलला नव्हता, माझा प्रश्नच चुकला होता. तो स्वतः पोलिओ झालेला, उजव्या मांडीवर हात दाबून चालायचा, पँट तेवढ्या जागी तळहाताएवढी झिजून पांढरी पडलेली. त्याला खरं तर कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारा पट्ट्यांचा सांगाडा, हवं होतं. पण कॅलिपरला माप घ्यावं लागतं, ट्रायल असते, पट्टे पुन्हा नीट करायला दोन-तीन खेपा होतात, सायकल मात्र त्याच दिवशी हातात. आणि एडिपमध्ये एकदा साधन घेतलं की मोठ्या माणसाला त्याच कामासाठी तीन वर्षं दुसरं मागता येत नाही, म्हणजे चुकीचं साधन गळ्यात पडलं की बरोबरचंही अडून बसतं. माझ्या तक्त्यात हा माणूस "लाभ झाला" या रकान्यात होता.

तेव्हापासून मी साधन बघायला मागतेच. कॅलिपरच्या बुटाचा तळ झिजलाय का, पट्ट्याचं कुठलं भोक ओढून रुंद झालंय, सायकलच्या टायरात हवा आहे का. श्रवणयंत्र असेल तर शेवटचा सेल कधी आणला, कुठून, केवढ्याला. आणि "वापरता का" न विचारता, काल उठल्यापासून काय काय केलं ते सांगा म्हणते. एका घरात तास जातो, जाऊ दे. दोन दिवसांत शंभर गुगल फॉर्म भरून घेणाऱ्यांचा डेटा मी वाचतसुद्धा नाही.

दुसरी चूक, फक्त पुनर्वसन केंद्रात आलेल्यांना विचारणं. ओपीडीच्या बाकड्यावर बसलेली आई सांगणारच की फायदा होतोय, होत नसता तर लेकराला कडेवर घेऊन दोन एसट्या बदलून आली असती का? जे एकदा येऊन परत आलेच नाहीत ते शोधा. मी रजिस्टरमधली, केंद्राच्या परवानगीने, एकाच खेपेची वीस नावं आधी काढते आणि तिथूनच सुरुवात करते. थेरपी नकोशी झाली असं सांगणारे फार थोडे भेटतात, बाकी कुणाची बुडालेली मजुरी, कुठे सोबत जायला माणूस नाही, कुठे दुपारची गाडी बंद झालेली. यात अजून एक घोटाळा होतो, एसटीत दिव्यांगांना सवलत आहे म्हणून मुलं प्रवासखर्च धरतच नाहीत. फाट्यापासूनची रिक्षा, सोबतच्या माणसाचा रोज, बाहेरचा चहा-नाष्टा, हे सगळं लिहा.

बाकीच्या पटकन सांगते. उत्तर घरचे देतात आणि खाली नाव दिव्यांग व्यक्तीचं टाकतात, असं करू नका, दोघांची उत्तरं वेगळी लिहा. बोलू न शकणाऱ्याला खुणेने, चित्राने विचारा, वेळ द्या.

"तुम्ही दिव्यांग आहात का?" असं विचारलं तर गुडघे धरलेली, मोतीबिंदू झालेली आजी नाहीच म्हणणार. वॉशिंग्टन ग्रुप या दिव्यांगत्वाच्या आकडेवारीवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाचे सहा प्रश्न वापरा, दिसणं, ऐकणं, चालणं, लक्षात राहणं, स्वतःचं आवरणं आणि बोलणं-समजणं यात किती अडचण येते ते.

२०११ च्या जनगणनेत दिव्यांगत्वाचे आठ प्रकार होते, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ आहेत. हे आकडे शेजारी ठेवून "वाढ झाली" असं लिहू नका.

दिव्यांगत्वाच्या सर्टिफिकेटवरचे टक्के म्हणजे सुधारणेचं माप नाही. ६० टक्केवाला थेरपीनंतर स्वतः अंघोळ करायला लागला तरी कागदावर ६०च राहतो.

आणि सरपंच किंवा आशाताई शेजारी उभ्या असताना मुलाखत नको. लोकांना भीती असते की तक्रार केली तर पेन्शन बंद होईल, म्हणून सगळं चांगलंच सांगतात. मी आधी वही मिटून ठेवते, मी योजनेच्या ऑफिसातून आलेली नाही, तुमच्या बोलण्याने पेन्शनला धक्का लागणार नाही, हे दोनदा सांगते आणि माझा नंबर चिठ्ठीवर लिहून देते. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) रिन्यू कसं करायचं हे विचारायला फोन येतात, ते उचलते.